‘बस’ म्हणायची चोरी

लोक म्हणतात, मी फुगवून सांगतो. माझं सायकलचं दुकान आहे, हवा भरणं हा माझा धंदाच आहे, पण ती चाकात. माणसाबद्दल बोलताना मी हवा भरत नाही. म्हणून मी जेव्हा सांगतो की माझ्या धाकट्या भावासारखा बसड्रायव्हर आजूबाजूच्या चार डेपोंत सापडणार नाही, तेव्हा ते मुकाट ऐकून घ्यायचं. वाद घालायचा नाही.

घरात त्याला बारक्या म्हणतात. अंगानं तो माझ्या दीडपट, आमच्या दारातून आत येताना मान वाकवतो. पण आधी मी जन्मलो, त्यामुळे तो बारक्याच. लहानपणी आईनं जेवायचं ताट पुढे ठेवलं की हा आधी ते दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे वळवायचा. हॉर्न वाजवल्याशिवाय घास नाही. आई म्हणायची, “हा मोठेपणी गाडी चालवेल नाहीतर ताट फोडेल.” ताटंही फोडली त्यानं, ते जाऊ द्या.

घाटातला रस्ता, सगळ्यांत वाईट वळणं, ती गाडी वर्षानुवर्षं बारक्याकडे. समोरची काच तो स्वतः पुसतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. आरशात पळत येणारी म्हातारी दिसली की पाय आपोआप ब्रेकवर. आणि वळण असं घेतो की मागच्या सीटवर झोपलेल्याची मान या खांद्यावरून त्या खांद्यावर जात नाही. हे मी स्वतः तपासलंय. झोपेचं सोंग घेऊन.

तर एकदा उतरताना त्या गाडीचा ब्रेक गेला. पाय ठेवला तो थेट तळाला. गाडी माणसांनी भरलेली, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. बारक्या ओरडला, “बसा! घट्ट धरून बसा सगळे!” आणि गाडी डोंगराच्या अंगावर घातली. घासत, ठिणग्या उडवत, पत्रा सोलत ती पुढच्या वळणाच्या आत थांबली. एका बाईंचा हात मोडला, बाकी सगळे धड. डेपोत त्याला उचलून घेतला. मी तर आमच्या गल्लीत प्रत्येक घरी जाऊन सांगून आलो. दोनदा.

दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीवर गेला, नव्या गाडीत चढला, ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थरथरायला लागला. थांबेचना. खाली उतरला आणि घरी आला. तेव्हापासून रजा.

घरी माझी बायको, म्हणजे त्याची वहिनी, नेहमीसारखी म्हणाली, “भाऊजी, बसा, पान वाढलंय.” त्याचा चेहरा असा उतरला की विचारू नका. न जेवता उठून गेला. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘बस’ म्हणायची चोरी. हा कायदा माझ्या बायकोनं काढला आणि मी तो अमलात आणला. पाहुणे आले की “टेका”. वाढताना कुणाला नको असेल तर “पुरे”. थांब्याला थांबा, गाडीला गाडी. एकदा दुकानात गिऱ्हाईक आलं, बारक्या तिथेच होता, मी गिऱ्हाइकाला म्हटलं, “या, स्टुलावर विराजमान व्हा.” तो माणूस परत आला नाही. चालेल. भाऊ महत्त्वाचा.

पण भाषेला कुलूप लावून पाय थांबतो थोडाच? तो घरात गप्प. त्याची बायको गप्प. शेवटी मी म्हटलं, “बारक्या, सायकली काढतो. लांब फेरी मारून येऊ, आपण दोघंच.” सायकली माझ्या हातच्या. चाकं अशी सरळ केलेली की वर वाटीभर पाणी ठेवलं तरी सांडू नये. तो तयार झाला. बहुतेक मला नाही म्हणायचा कंटाळा आला असणार.

सपाटीवर छान चालवायचा. चढाला माझ्या पुढे असायचा. मी मागे राहायचो ते त्याच्यावर लक्ष ठेवायला. पण उतार आला की हा उतरलाच. खाली उतरून, हँडल धरून, चालत. एक म्हातारा सायकलवरून आम्हाला मागे टाकून गेला, वर शीळ घालत. मी काही बोललो नाही. म्हणजे म्हाताऱ्याला बोललो, बारक्याला नाही.

असं करत आम्ही डोंगरावरच्या एका जुन्या शहरात पोचलो. तटबंदी, बुरूज, दगडी गल्ल्या, सगळं आहे तिथे. पुढचा रस्ता म्हणजे तिथून सरळ खाली जाणारा भला मोठा उतार. म्हणून मी तिथे एक दिवस मुक्काम जाहीर केला. माझ्या बुडाला फोड आले म्हणून तो मुक्काम केला असं बारक्या सांगत फिरतो. खोटं आहे. सायकलींना विश्रांती लागते, हे धंद्यातल्या माणसालाच कळतं.

सकाळी लॉजच्या अंगणात आम्ही कपडे धूत होतो. लॉजवाली बाई दोरी बांधून देत होती. तेवढ्यात बारक्याचा फोन वाजला. डेपोचे साहेब. साहेब माणूस चांगला, पण आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नाही. मला सगळं ऐकू आलं.

“स्टोअरमध्ये जागा रिकामी झालीय. तुझ्यासाठी धरून ठेवलीय, पण आज संध्याकाळपर्यंत सांग. आणि नीट विचार कर बाबा. एकदा स्टोअरला गेलास की परत स्टिअरिंग नाही. मग माझ्याही हातात काही राहत नाही.”

“सांगतो साहेब,” बारक्या म्हणाला. फोन ठेवला आणि शर्ट पिळत राहिला. पाणी कधीच संपलं होतं, हा पिळतोच आहे.

“काय सांगणार?” मी विचारलं.

“घेतो म्हणून सांगतो. फिरून आलो की लावतो फोन.”

“नटबोल्ट मोजणार तू?”

“कुणीतरी मोजायलाच लागतात, दादा.”

घाटातला राजा माणूस, तो खोलीत बसून डबे मोजणार, आणि समोरून रोज त्याचीच गाडी दुसरा कुणी घेऊन जाणार. हे मला बघवणार नव्हतं. मग डोक्यात एक नामी युक्ती आली. याला इतकं फिरवायचं, इतकं फिरवायचं, की संध्याकाळपर्यंत फोन करायची शुद्धच राहायला नको.

घड्याळाच्या मनोऱ्यावर नेला. पायऱ्या गोल गोल, माझ्या मांड्या भरून आल्या, पण तोंडानं एक शब्द नाही. वरून सगळं शहर दिसतं. मी म्हटलं, “बघ, काय नजारा!” बारक्या बघत होता उताराचा रस्ता. वळणं मोजत असणार. लगेच खाली आणला.

मग संग्रहालय. तिथे राजाचा पलंग आहे, अगदी एवढासा. मी म्हटलं, “राजा म्हणजे तुझ्यासारखाच बारक्या असणार, फक्त खरा.” पलंगाजवळची राखणदारीण हसली, हा नाही. तोफ दाखवली, तलवारी दाखवल्या, एक फुटका माठ दाखवला. माठासमोर मी इतका वेळ बोललो की चार माणसं मला गाइड समजून मागे उभी राहिली. एकानं प्रश्नसुद्धा विचारला. मी उत्तर दिलं. बरोबर की चूक ते माठाला माहीत.

“दादा, चल आता. फोन करायचाय.”

“अरे, वेस राहिली! वेस न बघता गेलं तर लोक काय म्हणतील?”

शहराची मोठी वेस चढाच्या टोकाला आहे. खालच्या चौकातून एक अरुंद गल्ली वर येते ती थेट वेशीत घुसते. गल्लीच्या एका बाजूला उंच भिंत, दुसऱ्या बाजूला पायऱ्या पायऱ्यांचं खोल तळं. कठडा नाही. वेशीच्या दोन्ही अंगांना खाली गुडघ्याएवढे दगड रोवलेत, जुन्या काळी गाडीचं चाक भिंतीला लागू नये म्हणून. ते घासून घासून गुळगुळीत झालेत. बारक्या त्यातल्या एकाजवळ वाकला, त्यावरून हात फिरवला.

“किती जणांनी घासली असेल ना गाडी,” तो म्हणाला.

सकाळपासून पहिल्यांदा तो फोन सोडून दुसरं काही आपणहून बोलला होता. मी उत्तर देणार तेवढ्यात खालून घरघर ऐकू आली.

प्रवाशांना शहर दाखवणारी छोटी बस गल्लीतून वर येत होती. आत सगळी पिकली पानं, कुठल्यातरी सहलीची. आणि वेशीच्या आत त्या दिवशी डागडुजीसाठी लोखंडी पाइप उभे केलेले. गाडी तोंडाशी येऊन थांबली. पुढे जाता येईना. चढणारं दार भिंतीला चिकटलेलं, त्यामुळे माणसं उतरवताही येईनात. ड्रायव्हर एक बाई होती, तिशीची असेल. तिनं काचेतून मान काढून मागे बघितलं आणि तिचा रंगच उडाला. हाच चढ आता उलटा उतरायचा, अंगाला तळं.

अशा वेळी जबाबदार माणूस लागतो. मी पुढे झालो. बारक्या वेशीजवळच उभा राहिला, पाठ भिंतीला लावून.

“घाबरू नका बाई! मी आहे!” मी गाडीच्या मागे जाऊन हात हलवायला लागलो. “येऊ दे! येऊ दे! डावीकडे मार! येऊ दे!”

गाडी मागे यायला लागली. सुरेख चाललं होतं. मग मागचं चाक तळ्याच्या काठाकडे सरकायला लागलं. आता थांबवायला पाहिजे. माझ्या तोंडात शब्द आला, अगदी ओठापर्यंत आला, आणि समोर बारक्या दिसला. इतके महिने जिभेला लावलेली सवय. मी ओरडलो, “पुरे! पुरे!”

गाडी येतच राहिली.

“पुरे! अहो, पुरे!”

बाईनं मान बाहेर काढली. “पुरे काय पुरे? मला वाढताय का तुम्ही?” आणि गाडी येतच होती.

“टेका! टेका!” मी म्हटलं. आता याच्याहून वाईट शब्द त्या वेळी दुसरा नसेल. बाईला वाटलं, मी गाडी भिंतीला टेकवायला सांगतोय. तिनं चाक वळवलं, गाडीचं ढुंगण अजूनच तळ्याकडे आलं. आतल्या म्हाताऱ्या बायका किंचाळल्या.

“बस!”

असा आवाज आला की तळ्यावरची कबुतरं उडाली. “बस! बस! जागच्या जागी बस!”

बारक्या. भिंत सोडून धावत येत होता.

गाडी थांबली. मागचं चाक काठापासून वीतभर. एक खडा सुटून पायऱ्यांवरून टणटणत खाली गेला, तो पाण्यात पडेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही.

बाईनं हँडब्रेक ओढला, चाकाला कुणीतरी दगड लावला. ती तिच्या बाजूच्या, म्हाताऱ्या माणसांना न झेपणाऱ्या उंच दारानं खाली उतरली आणि गाडीला धरून उभी राहिली. तिचा उजवा गुडघा लटलटत होता. ती दोन्ही हातांनी तो दाबत होती, पण थांबत नव्हता. बारक्या त्या गुडघ्याकडे बघत राहिला.

“माझ्याच्यानं होणार नाही,” ती म्हणाली. “मालकाला फोन करते. दुसरा ड्रायव्हर येईल.”

“कधी?” कुणीतरी विचारलं.

“खालच्या गावाहून यायचा. संध्याकाळ होईल.”

आतून एक आजोबा म्हणाले, “संध्याकाळपर्यंत मला बाथरूमला जावं लागणार आहे, एवढं सांगून ठेवतो.”

मी बारक्याकडे बघितलं. तो खाली बघत होता. मग मी बाह्या सरसावल्या. “एवढंच ना? मी घेतो.” आणि चढलो दारातून, बसलो स्टिअरिंगवर. बस मी चालवलेली नाही, हे खरं. पण चाक ते चाक. आणि बारक्याच्या गाडीत मी इतक्या वेळा पुढच्या सीटवर बसलोय की नुसतं बघून बघूनच निम्मी गाडी येते. मी एक दांडा हातात घेतला.

“दादा, तो वायपर आहे.”

बारक्या दारात उभा होता. कानापर्यंत लाल.

“माहीत आहे मला. काच पुसतोय आधी. तू पण पुसतोस की.”

“उतर खाली.”

“का?”

“तू मारशील सगळ्यांना. उतर!”

धाकट्यानं थोरल्याला असं बोलायचं नसतं. पण मी उतरलो. आमच्या गल्लीतले लोक म्हणतात, मी मुद्दामच चढलो होतो, भावाला डिवचायला. मी त्यावर काही बोलत नाही. मोठ्या माणसानं सगळंच सांगायचं नसतं. एवढंच सांगतो, मला जमलं असतं.

बारक्या चढला. सीट मागे सरकवली, आरसा बोटभर फिरवला. रुमाल काढून काच पुसली. मग मागे वळून म्हणाला, “सगळ्यांनी खाली बसा. घट्ट धरून बसा.”

ब्रेक गेला त्या दिवशीचेच शब्द.

“दादा, मागे उभा राहा,” तो मला म्हणाला, “आणि बस म्हणायचं असेल तर बस म्हण. माझी शपथ आहे तुला.”

आधी गाडी पुढे घेऊन सरळ करायची होती. म्हणजे चढावर ब्रेक सोडायचा. मी मागे उभा, सगळा पत्रा माझ्या तोंडासमोर. दगड काढला. गाडी बोटभर मागे आली. बोटभरच, पण माझं अर्धं आयुष्य तेवढ्यात गेलं. मग इंजिनानं दम धरला आणि गाडी हळूच पुढे सरकली. काठ सुटला. परत मागे. “येऊ दे,” मी म्हणत होतो, “येऊ दे, येऊ दे, बस! थोडं भिंतीकडे. येऊ दे...” बस, बस, बस, किती वेळा म्हटलं असेन. महिनोन्महिने पोटात साठलेले सगळे बस मी त्या गल्लीत मोकळे केले. आणि बस म्हटलं की गाडी तिथल्या तिथे थांबायची. कुणाची मान हलली नाही. आत बघितलं मी, कुणाचीच नाही.

खालच्या चौकात गाडी सपाटीला लागली. दार उघडलं. सगळ्यांत आधी ते आजोबा उतरले आणि कुणाशी न बोलता तरातरा निघून गेले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान झुकवून त्या स्वीकारल्या. बारक्या अजून आत होता, कुणीतरी स्वीकारायलाच हव्या.

तो उतरला तेव्हा ड्रायव्हर बाई पायरीवर बसली होती. “भाऊ, माझा पाय अजून हलतोय,” ती म्हणाली. लाजली होती बिचारी.

“हलू दे, ताई.”

“तुम्ही एवढे निवांत कसे?”

“निवांत कुठला? माझाही हलत होता. आत्ता, वर, सगळा वेळ.”

“मग ब्रेक?”

बारक्याला ते बोलताबोलताच कळत असावं, असं मला वाटलं. “हलतच दाबला,” तो म्हणाला. “लागला की.” आणि हसायला लागला. आधी थोडं, मग एवढं की डोळ्यांतून पाणी. ती बाईपण हसायला लागली. दोघं एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघून हसतायत, आणि येणारेजाणारे बघतायत की यांना काय झालं.

मी तिथेच नळावर जाऊन तोंड धुतलं. धूळ फार होती.

चौकात एका टपरीसमोर बाक होता. बारक्यानं पाव आणि उकडलेली अंडी मागवली, संपवली, परत मागवली. मग खिशातून फोन काढला. मी श्वास रोखून दुसरीकडे बघत बसलो, जसं काही मला ऐकायचंच नाही.

“साहेब, स्टोअरची जागा दुसऱ्याला द्या.”

पलीकडून साहेबांचा तो आवाज: “पाय?”

“हलतो अजून. पण कामाला येतो.”

“नक्की ना? सपाटीवरची गाडी देऊ का आधी? शहरातली?”

“थोडे दिवस सपाटीची द्या, बरोबर कुणीतरी जुना माणूस द्या. मग घाटाची. माझीच द्या.”

“तुझीच ठेवलीय रे गाढवा,” साहेब म्हणाले. “त्यात दुसरा कुणी काच नीट पुसत नाही.”

बारक्यानं फोन ठेवला आणि बायकोला लावला. तिला सांगितलं. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, तिचा आवाज साहेबांसारखा नाही. पण बराच वेळ हा नुसता “हो, हो, जेवलो, हो” म्हणत होता आणि बोटानं बाकावरची अंड्याची टरफलं गोळा करत होता. मग फोन माझ्याकडे दिला. ती म्हणाली, “दादा...” आणि पुढे काही बोलताच येईना तिला. मी म्हटलं, “अगं, मी होतो ना बरोबर.” तर रडता रडता हसली.

संध्याकाळी लॉजवर परत आलो. कपडे वाळले होते. मी लॉजवालीला सगळी हकिगत सांगत होतो, सविस्तर, वायपरचा भाग सोडून. बारक्या अंगणात सायकलींजवळ उकिडवा बसला होता. आधी त्याची बघितली, मग माझी. ब्रेक दाबून बघितला, सोडला, परत दाबला.

“दादा,” तिथूनच ओरडला, “उद्या उताराला मी पुढे राहतो. तू मागून सावकाश ये.”

“का?”

“तुझे ब्रेक कच्चे आहेत.”

माझे ब्रेक कच्चे! त्या सायकलीचा तारनतार मी स्वतः बसवलाय, अख्ख्या बाजारात माझ्या ब्रेकसारखा ब्रेक नाही, आणि हा, ज्याला मी सायकल चालवायला शिकवली, तो लॉजवालीच्या देखत मला सांगतो की तुझे ब्रेक कच्चे! दुसरं कुणी असतं तर त्याला तिथेच दाखवलं असतं.

मी पिशवीतून पक्कड काढली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.